आधी श्वास, मग चित्रण



दिवाळी झाली, सुगीची कामं जरा हातावेगळी झाली की आपल्याकडच्या बचत गटांच्या सहली निघतात. पूर्वी गाडी पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर करून माघारी यायची. आता ती कोल्हापूरवरून पुढे घाट उतरते आणि मालवणला जाते. सिंधुदुर्ग किल्ला पाहून होतो, तारकर्लीच्या वाळूत पाय भिजवून होतात, आणि परत येताना एखाद्या मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ असतो. हिरवट निळं पाणी, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि मधोमध डोळ्यांवर मोठा चष्मा लावलेली आपल्याच गटातली बाई.

गटाच्या बैठकीत तो व्हिडिओ सगळ्या जणी पाहतात आणि प्रश्न सुरू होतात. कॅमेऱ्यात पाणी कसं शिरलं नाही? साडी लाल होती म्हणे, मग आतला लाल पट्टा काळा का दिसतो? आणि हिने एवढा वेळ श्वास धरला तरी कसा?

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण प्रश्न रास्त आहेत. आज आपण त्यांची उत्तरं पाहू. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. तिने श्वास धरलाच नव्हता. धरायचाही नसतो.

विहिरीतली बुडी आणि समुद्रातलं स्कूबा

आपल्यातल्या पुष्कळ जणी पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या. विहिरीत बुडी मारताना आपण छाती भरून हवा घेतो, तोंड मिटतो आणि तळाचा खडा काढून वर येतो. ती हवा आपण वरून नेलेली असते, वर येईपर्यंत ती पुन्हा तेवढीच होते. म्हणून तिथे श्वास धरलेला चालतो.

स्कूबामध्ये पाठीवर हवेची टाकी असते. पुष्कळांना वाटतं त्यात ऑक्सिजन असतो, पण ती आपलीच साधी हवा असते, दाबून भरलेली. टाकीची नळी तोंडात धरायच्या रेग्युलेटरला जोडलेली असते. आपण जितक्या खोल जाऊ, तितक्याच दाबाची हवा रेग्युलेटर देतो. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र तयार केलं. त्याआधी बहुतेक पाणबुड्यांना डोक्यावर जड धातूचं शिरस्त्राण घालून, होडीवरून सोडलेल्या नळीच्या भरवशावर उतरावं लागे.

आता दाबाचा हिशोब पाहू. पाण्यात दर १० मीटरला, म्हणजे सुमारे ३३ फुटांना, हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे एक फुगा फुगवून तो तोंड बांधून वर आणला, तर पृष्ठभागावर येईपर्यंत तो दुप्पट मोठा होईल. छातीतही हेच होतं. खाली टाकीतून पूर्ण श्वास घेतला आणि तो धरून वर आलो, तर हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. हा धोका फार खोलवरच असतो असं नाही. दाबातला सगळ्यात मोठा फरक वरच्या १० मीटरमध्येच पडतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच की श्वास कधीही रोखायचा नाही, संथपणे आत घ्यायचा आणि बाहेर सोडायचा.

विहिरीत पट्टीच्या पोहणाऱ्या बाईने इथे जास्त जपायला हवं. तिची बुडी मारायची सवय जुनी आहे, आणि पाणी दिसलं की छाती आपोआप भरून धरली जाते. कॅमेरा हाती आला की हीच चूक शिकलेल्या माणसाकडूनही होते. चित्र हलू नये म्हणून माणूस नकळत श्वास रोखतो. म्हणूनच जाणते पाणबुडे नवख्याच्या हाती कॅमेरा देत नाहीत. मालवणला पहिल्यांदा उतरणाऱ्या बाईला प्रशिक्षक धरून नेतो आणि चित्रण दुसरा पाणबुड्या करतो. ते योग्यच आहे.

कान, सर्दी आणि घाट

घाट उतरताना कानात दडे बसतात, ते सगळ्यांना माहीत आहे. पाण्यात उतरताना तेच होतं, फक्त फार लवकर. उपाय सोपा आहे. चष्म्यावरून नाक चिमटीत धरायचं आणि हळूच नाकाने हवा ढकलायची. कान दुखायची वाट न पाहता, उतरायला लागल्यापासून हे करत राहायचं. तरीही दुखलं तर प्रशिक्षकाला खूण करून थोडं वर यायचं. सर्दी झालेली असेल तर कान मोकळे होत नाहीत, तेव्हा उतरूच नये.

दमा, हृदयविकार, फिट येणं, कान वाहणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईने स्कूबा करू नये. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं. उतरण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात 'काही नाही' असं लिहून मोकळं होऊ नका. तो फॉर्म आपल्यासाठी असतो. पाळी चालू असताना उतरायला वैद्यकीय अडचण नाही, मन आणि अंग साथ देत असेल तर जावं.

आणखी एक गोष्ट आपल्या सहलींना फार लागू पडते. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन थोडा थोडा रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. लगेच उंचावर गेलो तर तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं. म्हणून एकदाच स्कूबा केलं असेल तर पुढचे निदान १२ तास आणि एकाहून जास्त वेळा केलं असेल तर १८ तास विमानात बसू नये, असं सांगतात. आपण विमानाने जात नसलो तरी घाट चढतो, आणि नगर शहरच समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. थोड्या खोलीवरच्या छोट्या फेरीत हा धोका कमी असतो. तरीही दुपारी स्कूबा आणि रात्री गाडी घाटाला, असा कार्यक्रम ठेवू नका. स्कूबा पहिल्या दिवशी करा, रात्री मालवणलाच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

कुकरच्या रबरासारखी रिंग

आता कॅमेऱ्याकडे येऊ. याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, मुठीत मावणारा. लाटांवर खेळणाऱ्या निक वुडमन नावाच्या अमेरिकन तरुणाला लाटेवर असतानाच स्वतःचे फोटो काढायचे होते. त्याने २००२ मध्ये कंपनी काढली आणि २००४ मध्ये मनगटाला बांधायचा पहिला कॅमेरा विकायला आणला. तोच हा 'गोप्रो'. आता इतर कंपन्यांचेही असे कॅमेरे मिळतात.

गेल्या काही वर्षांतले गोप्रो वेगळ्या डबीशिवाय १० मीटर खोल पाण्यापर्यंत चालतात. त्याहून खोल जायचं तर पारदर्शक कडक डबी लागते, ती लावली की ६० मीटरपर्यंत नेता येतो. डबीच्या दाराला एक बारीक रबरी रिंग असते. आपल्या कुकरच्या झाकणाला असते तशीच. कुकरच्या रबरावर शिताचा कण अडकला तर वाफ सुटते. इथे रिंगवर वाळूचा कण किंवा एक केस अडकला तर पाणी आत शिरतं आणि कॅमेरा कामातून जातो. म्हणून डबी बंद करण्याआधी रिंग बोटाने चाचपून पाहतात, पुसतात, आणि कॅमेरा न ठेवता रिकामी डबी आधी पाण्यात बुडवून बघतात. बाहेर आल्यावर डबी गोड्या पाण्यात भिजवून ठेवतात, नाहीतर मीठ वाळून रिंग आणि बटणं खराब होतात.

डबीत दमट हवा राहिली तर थंड पाण्यात गेल्यावर काचेला आतून वाफ धरते. त्यासाठी नव्या पर्सच्या खोक्यात मिळते तशी ओलावा शोषणारी पुडी किंवा पट्टी आत ठेवतात. मोबाइलवरून कॅमेरा चालवता येतो, पण तो फक्त किनाऱ्यावर. पाण्यातून वायफाय जात नाही आणि ओल्या पडद्यावर बोटाचा स्पर्शही धड चालत नाही. म्हणून सगळी जुळणी वर असतानाच करून ठेवायची. कॅमेरा दोरीने मनगटाला बांधायचा, कारण सुटला तर तो सरळ तळाला जातो.

कुंकू काळं का दिसतं?

आता लाल रंगाचा प्रश्न. सूर्याच्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. पाणी ते सगळे सारखे आत जाऊ देत नाही. लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, साधारण ५ मीटरवर तो जवळजवळ संपतो. त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. शेवटी उरतात हिरवा आणि निळा. त्यामुळे कपाळावरचं लालभडक कुंकू खाली विटकरी, मग काळपट दिसतं. कुंकू बदललेलं नसतं, त्याच्यावर पडायला लाल प्रकाशच उरलेला नसतो.

यावर तीन उपाय आहेत. भिंगावर रंगीत काच लावतात. निळ्या पाण्यात लाल काच चालते आणि मालवणसारख्या हिरवट पाण्यात जांभळट गुलाबी. दुसरा उपाय म्हणजे पाण्याखालचा दिवा जवळून मारणं. दिव्यात लाल प्रकाश असतो, म्हणून रंग परत येतो. तिसरा उपाय म्हणजे नंतर मोबाइलवर किंवा संगणकावर रंग सुधारणं. पण जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही, तो नंतर पूर्ण परत आणता येत नाही.

पाण्यात वस्तू मोठी आणि जवळ दिसते. पाण्यातून चष्म्याच्या आतल्या हवेत येताना प्रकाश वाकतो, म्हणून मासा सुमारे एक तृतीयांश मोठा वाटतो. 'हातभर मासा होता' असं कुणी सांगितलं तर ती बाई खोटं बोलत नसते, तिला तो तेवढाच दिसलेला असतो. व्हिडिओत आवाज मात्र बुडबुड्यांचाच येतो. म्हणून त्यावर नंतर गाणं घालतात.

चांगलं चित्रण कशाने होतं?

पहिली गोष्ट, जवळ जाणं. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जितकं कमी पाणी, तितकं चित्र स्वच्छ. दूरवरून मोठं करून काढलेलं चित्र धुक्यातल्यासारखं येतं. दुसरी, कॅमेरा थोडा खाली ठेवून वरच्या बाजूला रोखणं, म्हणजे पाठीमागे उजेडाचं पाणी येतं. तिसरी, वेळ. सकाळी १० ते दुपारी २ या वेळात ऊन डोक्यावर असतं आणि जास्त प्रकाश खाली पोचतो.

चौथी गोष्ट, घाई न करणं. एका जागेवर कॅमेरा दहा सेकंद तरी स्थिर धरावा. सारखा फिरवलेला कॅमेरा पाहताना डोकं गरगरतं. आणि पाचवी, तळ ढवळू नये. पायातले रबरी पंख वाळूवर आपटले की गाळ उठतो. रात्री मोटरसायकलच्या उजेडात धूळ चमकते तसे गाळाचे कण दिव्यात चमकतात आणि चित्रावर पांढरे ठिपके पडतात.

कॅमेरासमोर दिसण्याच्या नादात एक गंमत नेहमी होते. आपण फोटोत अंगठा वर करतो, 'झकास' म्हणून. पाण्यात त्या खुणेचा अर्थ 'मला वर जायचंय' असा आहे. प्रशिक्षक बिचारा लगेच वर घेऊन जातो. 'सगळं ठीक' म्हणायचं तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचं, बाकीची बोटं सरळ ठेवायची. ही खूण सहलीच्या गाडीतच पाठ करून ठेवा.

मालवणला गेल्यावर काय विचारायचं?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. ही दुर्घटना पाण्याखाली घडली नाही, होडीत घडली. म्हणून पहिला प्रश्न होडीबद्दलच असावा. प्रत्येकीला लाइफ जॅकेट आहे का? होडीची क्षमता किती आणि बसवलेत किती? जॅकेट मिळालं की अंगात घालून बंद लावायचे, मांडीवर ठेवायचं नाही. समुद्र खवळलेला असेल आणि होडीवाला नको म्हणत असेल, तर पैसे वाया गेले म्हणून त्याला आग्रह करू नका. पावसाळ्यात तर हे बंदच असतं.

मग प्रशिक्षकाबद्दल विचारा. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, एका बाईमागे एक प्रशिक्षक असेल का, आधी उथळ पाण्यात सराव करून घेणार का? तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे, तिथे नीट अभ्यासक्रम शिकवतात. कुणाच्या मुलीला यात पुढे जायचं असेल तर ही वाट माहीत असलेली बरी.

चित्रणाबद्दलही आधीच स्पष्ट बोला. व्हिडिओचे पैसे ठरलेल्या रकमेतच आहेत की वेगळे? किती मिनिटांचा मिळेल, मोबाइलवर लगेच मिळेल का? आणि आपला व्हिडिओ ते लोक आपल्याला न विचारता जाहिरातीला वापरणार नाहीत ना? ओल्या कपड्यांतलं आपलं चित्र कुठे जावं, हे ठरवायचा हक्क आपला आहे. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

साडी नेसून उतरता येत नाही. अंगाबरोबरची लांब पँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट न्यावा, किंवा तिथला रबरी पोशाख घालावा. केस घट्ट बांधावेत. चष्म्याच्या कडेखाली एक बट आली तरी पाणी आत येतं. नथ, मंगळसूत्र, बांगड्या खोलीवर किंवा भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवाव्यात. वाळूत पडलेलं सोनं समुद्र परत देत नाही. भरपेट मासे जेवून लगेच उतरू नये.

ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. तिथून पुढे वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना कांदळवन फिरवून दाखवतात. आपल्यासारख्याच गटाने उभं केलेलं ते काम बघून येण्यासारखं आहे.

व्हिडिओत दगड दिसतो, तो दगड नसतो

मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या व्हिडिओत खडकावर फुलकोबीसारखे गड्डे दिसतात. ते प्रवाळ, म्हणजे जिवंत प्राणी. दागिन्यातलं पोवळं ज्या मोठ्या कुळातून येतं, त्याच कुळातले. बारीक बारीक जीव एकाला एक लागून घर बांधतात आणि कित्येक जातींचा गड्डा वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतो. आपल्या सासूबाईंच्या जन्माआधीपासून वाढत आलेला गड्डा फोटोसाठी टेकवलेल्या पायाने क्षणात मोडू शकतो.

म्हणून प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही आणि तुकडा आठवण म्हणून आणायचा नाही. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच कडक संरक्षण आहे. काही ठिकाणी व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात. ते माशांचं अन्न नव्हे. खडकावरचं शेवाळ खाऊन मासे प्रवाळ स्वच्छ ठेवतात, ते काम सोडून मासे पावामागे लागतात. 'आमच्या वेळी पाव टाकू नका, मासे कमी आले तरी चालतील' असं गटाने एकमुखाने सांगितलं तर होडीवाला ऐकतो.

हाच कॅमेरा आपल्या विहिरीत

एवढं ऐकून कुणी म्हणेल, वर्षातून एकदाच्या सहलीसाठी ही माहिती कशाला? तर यातला मोठा भाग आपल्या शिवारातही उपयोगी पडतो. असा कॅमेरा विकत घ्यायला शेळ्यांची जोडी विकावी लागेल, तेव्हा घाई नको. पण गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एखाद्या मुलाकडे तो असतो. एका दिवसासाठी मागून आणता येतो.

पंप पाणी उचलेनासा झाला की आपल्याकडे कुणीतरी फूटव्हॉल्व्ह बघायला विहिरीत उतरतो. गाळ कुजलेल्या किंवा आत इंजिन चालवलेल्या विहिरीत विषारी वायू साचतो आणि उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. माणूस उतरवण्याआधी कॅमेरा उतरवून पाहता येतो. लांब बांबूला किंवा पाइपाला कॅमेरा घट्ट बांधा, नुसत्या दोरीवर तो गरगर फिरतो. शेजारी पाण्यात चालणारी बॅटरी बांधा. चित्रण वर असतानाच सुरू करा आणि सावकाश खाली सोडा. आत काय चाललंय ते वरून दिसणार नाही, कारण पाण्यातून वायफाय येत नाही. बाहेर काढल्यावर पाहायचं. फूटव्हॉल्व्हला कचरा अडकलाय का, गाळ किती चढलाय, झरा कोणत्या अंगाला आहे, हे पाणी नितळ असेल तर चांगलं कळतं. कॅमेऱ्याची १० मीटरची मर्यादा पाण्याच्या खोलीची आहे, वरच्या कोरड्या विहिरीची नाही.

कठड्यावरून वाकू नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवर तर पायच ठेवू नका, ते ओलं असताना माणसाला वर चढू देत नाही. आणि एक लक्षात ठेवा, कॅमेऱ्याला वायू दिसत नाही. व्हिडिओत विहीर स्वच्छ दिसली म्हणून आत उतरणं सुरक्षित ठरत नाही. दुरुस्ती करायची तर पाइप वर ओढून घ्या.

मैत्रिणींनो, यंदा तुमच्या गटाची सहल मालवणला जाणार असेल तर हा लेख बैठकीत वाचून दाखवा आणि त्या दोन खुणा सगळ्यांकडून करून घ्या. कोण उतरणार, कोण किनाऱ्यावर दागिने सांभाळणार, हे आधीच ठरवा. उतरणाऱ्या प्रत्येकीला एवढंच सांगा की श्वास चालू ठेव, कान मोकळे कर, प्रशिक्षकाचा हात सोडू नकोस. व्हिडिओ हलला तरी चालेल.

पुढच्या भागात नवा विषय घेऊन भेटू. तोवर नमस्कार.